जुने मोटारसायकल पार्ट: तालुक्याच्या भंगारलाइनीत काय घ्यावं, काय नको

शंभर सीसीच्या गाडीचं लोखंड आणि ॲल्युमिनियम जुनं घ्यायला हरकत नाही. रबर, घासून झिजणारा माल आणि बेअरिंग जुनं घेऊ नये. वणी असो की वरूड, पुसद असो की हिंगणघाट, जुन्या पार्टच्या दुकानांचा हिशेब एवढाच आहे. बाकी सगळं पारखण्यावर, आणि दुकानदार पारखू देतो की नाही यावर.

या दुकानांत सगळ्यात जास्त माल एकाच कुळाचा सापडतो: स्प्लेंडर, पॅशन, सीडी डिलक्स, एचएफ डिलक्स. बहुतेकांच्या पोटात 97.2 सीसीचं इंजिन, बोर (सिलिंडरचा आतला व्यास) 50 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 49.5 मिमी. त्याखालोखाल सीटी 100 आणि प्लॅटिना. शाइन, पल्सरचा माल मिळतो, पण निवडीला वाव कमी. कूळ एक म्हणून सगळंच एकमेकांना बसतं असं मात्र नाही. किकच्या गाडीचं मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं, वीज तयार करणारं चुंबकाचं चाक) सेल्फच्या गाडीला चालत नाही, कारण सेल्फवाल्यात मॅग्नेटमागे वन-वे क्लच आणि त्याचा गिअर असतो. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाडीच्या मॅग्नेटवर सेन्सरसाठी बाहेरून बरेच दाते असतात, जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला एकच उंचवटा. प्लॅटिनाचंही तसंच. आधीची 99.27 सीसी आणि नंतरची 102 सीसी, दोन्हींवर नाव एकच, पण बोर-स्ट्रोक वेगळे, म्हणून एकीचा ब्लॉक (सिलिंडर) दुसरीला बसत नाही. टीव्हीएसच्या एक्सएल मोपेडच्या बाबतीत तर एक्सएल सुपर टू-स्ट्रोक आणि एक्सएल 100 फोर-स्ट्रोक. म्हणून ‘स्प्लेंडरचं द्या’ किंवा ‘प्लॅटिनाचं द्या’ एवढं सांगून भागत नाही. गाडीचं साल सांगायचं, आणि शक्य असेल तर आपला खराब पार्ट पिशवीत टाकून सोबत न्यायचा. शेजारी शेजारी ठेवून बोल्टची भोकं जुळवली की अर्धे घोटाळे दुकानातच मिटतात.

आपल्याकडच्या, म्हणजे विदर्भातल्या, मालाचा एक फायदा आहे. हवा कोरडी, त्यामुळे रिम, टाकी, चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंग आर्म), सायलेन्सर आतून तेवढे गंजलेले नसतात जेवढे किनारपट्टीकडून आलेले असतात. तोटाही याच हवेचा. 45 अंशांच्या उन्हाळ्यात, मेअखेरच्या नवतपात उघड्यावर पडलेल्या गाडीचं रबर आणि प्लास्टिक कडक होऊन तडकतं. वायरिंगचं वरचं आवरण बोटाने दाबलं की फुटतं. पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा चेन, ड्रम आणि चिमट्याच्या बुशमध्ये जाऊन बसतो. आणि इकडच्या गाडीवर दोन माणसंच बसलेली असतात असं थोडंच आहे? युरियाच्या चुंगड्या, ढेप, फवारणीचा पंप, दुधाचे डबे, सगळं त्याच गाडीवर. मागचे शॉकअप, मागची रिम आणि चिमटा यांवर त्याचा मार दिसतोच.

दुकानं तीन तऱ्हेची. पहिला खरा भंगारवाला, जो गाडी वजनावर घेतो आणि पार्ट अंदाजाने विकतो. इथे भाव सर्वांत कमी. मात्र पारख पूर्ण आपली, आणि परतीची बोली नाही. दुसरा मेकॅनिक, जो अपघाताची किंवा कागद संपलेली गाडी घेऊन खोलतो. हा थोडे जास्त घेतो, पण पार्ट कोणत्या गाडीतून निघाला हे त्याला माहीत असतं आणि तो बसवूनही देतो. इंजिनाचा आणि वीजेचा माल याच्याकडूनच घ्यावा. तिसरा आठवडी बाजारात ताडपत्रीवर माल मांडणारा. त्याच्याकडे लिव्हर, फुटरेस्ट, साइड स्टँड, इंडिकेटरच्या काचा, नट-बोल्ट घ्यायला ठीक. पुढच्या मंगळवारी तो त्याच जागी बसेलच याची खात्री नसते. तिघांचंही वाक्य एकच: “घिऊन जा ना भाऊ, चालू गाडीतलं काहाडलं हाय.” ही गॅरंटी नव्हे, विकायची रीत आहे.

भावाचं माप नव्या पार्टच्या छापील किमतीवरून काढायचं. इंजिनाचा धातूचा पार्ट चांगला असेल तर नव्याच्या निम्म्यापर्यंत, वीजेचा पार्ट असेल तर एक तृतीयांशापर्यंत. त्यापुढे जुनं घेण्यात अर्थ राहत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तरी काही दुकानदार नव्या पार्टच्या आधीच्याच किमतीच्या हिशेबाने ‘निम्मे’ सांगतात. आधी पार्टवाल्याकडे नव्याचा भाव विचारून मग भंगारलाइनीत जावं.

ब्लॉक, पिस्टन, हेड

सगळ्यात जास्त फसगत ब्लॉकमध्ये होते. बाहेरून सिल्व्हर स्प्रे मारलेला ब्लॉक नवा दिसतो. आत बॅटरी (टॉर्च) मारून पाहिल्याशिवाय हातात घेऊ नये. बोरच्या भिंतीवरून नख वरपासून खाली आणि आडवं फिरवायचं. उभे ओरखडे नखाला अडकले तर पिस्टन जाम झालेलं असतं. वरच्या टोकाला, जिथे रिंग येऊन थांबते, तिथे पायरी लागली तर ब्लॉक झिजलेला आहे. पायरी दिसत नाही असं दुकानदार म्हणेल. दिसत नसली तरी नखाला लागते.

मग पिस्टनचा माथा पुसून आकडा वाचायचा. काही नसेल तर स्टँडर्ड, नाहीतर 25, 50, 75 किंवा 100. म्हणजे ब्लॉक 0.25, 0.50, 0.75 किंवा 1.00 मिमी मोठा केलेला आहे. 100 लिहिलं असेल तर पुढे बोरिंगला जागा नाही, स्लीव्ह (ब्लॉकच्या आतली लोखंडी नळी) बदलावी लागते. तो ब्लॉक भंगाराच्या वजनाने मिळाला तरी महाग. स्टँडर्ड किंवा 25 चा असेल तरच पुढे बोलणी.

लेथवाल्याकडे बोर गेज असेल तर उत्तमच. नसेल तर एक नवी टॉप रिंग आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) खिशात असली की काम होतं. रिंग बोरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकलायची, म्हणजे ती तिरपी बसत नाही. एकदा वरच्या भागात, पायरीच्या थोडं खाली, आणि एकदा अगदी खालच्या टोकाला, जिथे रिंग घासत नाही, तोंडाची फट मोजायची. वर 0.45 आणि खाली 0.20 निघाली, तर फरक 0.25. त्याला 3.14 ने भागलं की व्यासातला फरक कळतो: सुमारे 0.08 मिमी. इतका फरक म्हणजे नव्या रिंगा टाकूनही गाडी तेल पिणार. स्टँडर्ड ब्लॉकमध्ये स्टँडर्ड रिंग टाकून वरची फट अर्ध्या मिमीच्या पुढे गेली तर तो ब्लॉक बोरिंगचाच. रिंग मात्र ब्लॉकच्याच मापाची हवी. 25 च्या ब्लॉकमध्ये स्टँडर्ड रिंग घालून मोजलं तर फट उगीच मोठी दिसेल.

बोरिंग लागणार असेल तर जुना ब्लॉक, बोरिंगची मजुरी आणि नवी पिस्टन किट अशी बेरीज करून ती नव्या ब्लॉक-किटच्या शेजारी मांडावी. बऱ्याचदा फरक एवढा थोडा निघतो की नवाच बरा. जुना ब्लॉक परवडतो तो बोरिंग न लागणारा.

असे ब्लॉक इकडे लवकर का जातात, हेही सांगण्यासारखं आहे. एअर फिल्टर धुऊन, फाटका तसाच बसवायचा किंवा काढूनच टाकायचा, ही सवय. पांदणीची बारीक धूळ, वणी-घुग्घुसकडे त्यात कोळशाची भर, आणि पोटात लिटरभराहून कमी तेल. फिल्टरबॉक्सच्या आत बोट फिरवून पाहावं. इंजिनाकडच्या बाजूला धूळ हाताला लागली तर ब्लॉकने काय खाल्लं ते कळतं. फिल्टरबॉक्स शेडमध्ये पडलेला असतोच, विचारला की दाखवतात.

ब्लॉकच्या पंख्याची एखादी पाती तुटली असेल तर चालतं. स्टडच्या भोकाजवळ तडा किंवा एम-सील दिसलं तर परत ठेवायचा. खालच्या बाजूला स्लीव्हचा जो काठ बाहेर येतो, त्याचा टवका उडालेला नाही ना तेही बघायचं. ब्लॉक आपटल्याची ती खूण.

हेडची परीक्षा पेट्रोलने होते. प्लग लावून हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्हच्या खळग्यात पेट्रोल भरायचं आणि पाच मिनिटं थांबायचं. इनटेक किंवा एक्झॉस्टच्या तोंडातून ओल आली तर व्हॉल्व्ह बसत नाही. नुसती ओल असेल तर ग्राइंडिंगने निघते, धार लागली तर सीट किंवा व्हॉल्व्हच गेलेला. (सिगरेट ओढणाऱ्याला तेवढा वेळ लांब उभं करावं.) व्हॉल्व्ह थोडा उघडून आडवा हलवून पाहायचा. गाइडमध्ये खळखळला तर सकाळी गाडी चालू करताच निळा धूर देईल. कॅमच्या उंचवट्यावर आणि रॉकरच्या तोंडावर खड्डे पडलेले असतील तर टॅपेट कितीही मारा, टकटक जात नाही. हेडचा सपाटपणा काचेवर ठेवून बघायचा, 0.05 मिमीची पट्टी कुठून आत शिरली तर फेसिंग (घासून सपाट करणं) लागेल. हेड नाकारण्याची सगळ्यात साधी कारणं मात्र दोन: प्लगची चूडी आणि सायलेन्सरचे स्टड. प्लग हाताने चारपाच फेरे सहज जायला हवा. पहिल्याच फेऱ्याला अडकला किंवा डुलला तर चूडी गेलेली.

क्रँकची कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहायची: अजिबात खेळ नको. आडवी थोडी हलते, ती हलायलाच हवी; इथेच अनेक जण चांगला क्रँक सोडून देतात. क्रँकवरचं बेअरिंग फिरवून आवाज ऐकायचा, पण आधी पेट्रोलने धुऊन. घट्ट तेलात बुडवलेलं बेअरिंग गेलेलं असलं तरी गप्प बसतं. गिअरबॉक्समध्ये दात सगळेच बघतात, बाजूचे आडवे खुंट कोणी पाहत नाही. त्यांचे कोपरे गोल झाले की गाडी चढावर गिअर सोडते, आणि मग दोष क्लचवर जातो.

कार्बोरेटर आणि वीज

कार्बोरेटर जुना घेणं फायद्याचं, पण खोलून. तळाच्या वाटीत पांढरी भुकटी आणि हिरवट डाग असतील तर पेट्रोलमध्ये पाणी बसलेलं होतं. आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे जास्त. भुकटी ब्रशने निघते, पण जेटमधली आणि अंगातल्या बारीक वाटांतली निघेलच असं नाही. म्हणून प्रत्येक वाटेतून हवा मारून पाहायची. स्लाइड आत ठेवून बोटाने हलवली आणि ती खडखडली, तर आयडलिंग कधीच स्थिर राहणार नाही. ती झीज भरून निघत नाही. वाटीचे स्क्रू आणि पायलट स्क्रूचं डोकं शाबूत हवं. ओ-रिंग, गॅस्केट आणि निडल व्हॉल्व्ह नवेच टाकायचे, त्यामुळे त्यांच्या अवस्थेवर भाव पाडता येतो पण कार्बोरेटर नाकारायचं कारण नाही.

सीडीआय म्हणजे प्लगला ठिणगी देणारा डबा; त्यात एसी आणि डीसी ही भानगड आहे. जुन्या स्प्लेंडरची सीडीआय मॅग्नेटच्या कॉइलवर चालते, ती एसी. बॅटरीवर चालणारी डीसी. डबा सारखा दिसतो, कधी कनेक्टरही सारखा असतो, पण एकीच्या जागी दुसरी लावली तर ठिणगी येत नाही किंवा सीडीआय जळते. मल्टिमीटरने सीडीआय तपासता येत नाही. ती गाडीला लावूनच बघावी लागते, आणि तेही किक मारून पेटली म्हणजे झालं असं नाही. इंजिन वीस मिनिटं चालून चांगलं तापलं पाहिजे. सीडीआय आणि कॉइल थंडीत चालतात, गरम झाल्यावर दगा देतात. गाडी घरापासून चार किलोमीटरवर बंद पडते ती बऱ्याचदा याच कारणाने.

मॅग्नेट घेताना आतल्या चुंबकांना क्रमाने पाना लावून ओढायचा. एखाद्या जागी ओढ कमी लागली तर ते चुंबक सुटलेलं किंवा फुटलेलं. पुलर न वापरता हातोड्याने काढलेल्या मॅग्नेटच्या कडेला घाव दिसतात. तो घेऊ नये, चुंबक आत निखळलेलं निघतं. मधल्या भोकाचा उतार गुळगुळीत हवा, चावीची खाच रुंद झालेली नको. खाच रुंद म्हणजे टायमिंग सरकणार. कॉइल प्लेटच्या तारांवरचा लाख काळा पडला असेल तर ती तापून गेलेली आहे.

आरआर युनिटची (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) परीक्षा बॅटरीवर: गाडी रेसवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर 14 ते 14.5 व्होल्ट यायला हवेत. 15 च्या वर गेलं तर बॅटरी उकळेल, 13 च्या खाली राहिलं तर चार्ज होणार नाही. जुनी वायरिंग पूर्ण जोडी घेऊच नये. तिचे टेपखालचे जोड सापडायला जितका वेळ जातो, तितक्या वेळात नवी बसते.

चाकं, फोर्क, टाकी

फोर्कचा पाइप काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर लोळवायचा. थबकत गेला तर वाकलेला. वाकलेला पाइप दाबून सरळ करून देतो म्हणणारे आहेत; ज्या जागी तो एकदा वाकला तिथे पुन्हा वाकतो, आणि ती जागा खालच्या ‘टी’ला (फोर्क धरणाऱ्या पकडीला) लागून असते. सील जिथे फिरते त्या पट्ट्यात क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर नवी सीलही महिन्या-दोन महिन्यांत तेल सोडेल. ठिपके वर, सील न पोचणाऱ्या भागात असतील तर बिनधास्त घ्या.

स्पोकची रिम आतून बघायची, निपलच्या भोकांभोवती. तिथला गंज बाहेरच्या क्रोमवर दिसत नाही. चाक एक्सलवर फिरवून फोर्कला तार बांधायची आणि तिचं टोक रिमच्या जवळ आणायचं. डोलणं 2 मिमीच्या आत असेल तर ठीक, वर असेल तर स्पोक कसून निघतं का बघा. खड्ड्यात बसलेला चपटा भाग मात्र स्पोक कसून निघत नाही. अलॉय चाकाला वेल्डिंगचा डाग दिसला की बोलणीच बंद. ड्रमच्या आत कमाल व्यास कोरलेला असतो आणि डिस्कवर किमान जाडी. व्हर्नियर लावायचा, आकडा वाचायचा, वाद संपला.

मागचे शॉकअप जोडीनेच घ्यावेत, तेल सुटलेलं नको, रॉड वाकलेला नको. दाबून सोडल्यावर सावकाश वर येतो तो चांगला, उसळून येतो तो गेलेला. चिमटा खाली ठेवून दोन्ही पाय एकाच पातळीत आहेत का बघा, आणि एक्सलच्या खाचेजवळ वेल्डिंग शोधा.

टाकी: बाहेरून लोहचुंबक फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. तेवढ्याने टाकी वाईट ठरत नाही. पण खालच्या जोडावर, जिथे टाकी फ्रेमवर बसते, एम-सील असेल तर ती गळणारी. आत बॅटरी मारून तळ पाहावा. लाल धूळ धुऊन निघते, पापुद्रे सुटत असतील तर ते कार्बोरेटर खाऊन टाकतील.

क्लच प्लेट, ब्रेक शू, डिस्क पॅड, चेन, केबल, कोनसेट, ऑइल सील, टायर-ट्यूब, बॅटरी: नवंच. चेन इकडे ‘कमी चाललेली’ म्हणून विकतात. तपासायचीच असेल तर 428 ची चेन ताणून 20 कड्या मोजा. नवी 254 मिमी, 259 च्या पुढे गेली तर संपलेली. टायर नवा आहे असं सांगितलं तर बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा; 3519 म्हणजे 2019 सालचा पस्तिसावा आठवडा. यामाहा आरएक्स 100 च्या मालाबद्दल एकच: ती गाडी 1996 मध्येच बंद झाली, म्हणून ‘ओरिजनल’ या शब्दाला तिथे सोन्याचा भाव लागतो आणि पितळही त्याच भावात खपतं.

नंबर आणि चिठ्ठी

स्प्लेंडरचा इंजिन नंबर डाव्या क्रँककेसवर खालच्या बाजूला असतो. म्हणजे उजवी केस घेतली तर नंबराचा प्रश्न नाही. डावी केस किंवा पूर्ण इंजिन घेतलं तर आहे. नंबराची जागा घासलेली, परत ठोकलेली किंवा रंगाने झाकलेली दिसली तर भाव कितीही कमी असो, उचलायचं नाही. चोरीचा माल आहे हे कळण्याजोगं असताना घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली घेणाराही अडकतो. पूर्ण इंजिन बदलायचं असेल तर जुन्या गाडीच्या आरसीची प्रत, विकणाऱ्याच्या सहीची पावती आणि मग आपल्या आरटीओत आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद. एमएच 29 ची गाडी एमएच 34 च्या इंजिनावर चालवायला हरकत नाही, नोंद नसली तर हरकत आहे: विम्याच्या दाव्यात, आणि गाडी विकताना.

फ्रेम जुनी घेऊ नका. चेसिस नंबर तिच्यावर असतो, आणि चेसिस नंबर म्हणजेच गाडी.

सोबत न्यायचं सामान हातभर नाही: टॉर्च, लहान लोहचुंबक, फीलर गेज, व्हर्नियर, एक नवी टॉप रिंग, नवा प्लग, मल्टिमीटर आणि पाव लिटर पेट्रोल. बाजाराच्या दिवशी जाऊ नये. गर्दीत दुकानदार खोलून दाखवत नाही. पेरणीआधीच्या दिवसांत पैसे कोणाकडेच नसतात, तेव्हा भाव उतरतो. दिवाळीनंतर कापूस विकला गेला की तोच ब्लॉक महाग.

चिठ्ठी कोऱ्या कागदाची असली तरी चालेल, पण तिच्यावर चार गोष्टी हव्यात: तारीख, पार्टचं नाव आणि तो कोणत्या गाडीतून निघाला, किंमत, आणि परतीची मुदत. इंजिनाच्या मालाला तीन दिवस, सीडीआय-कॉइलला एक दिवस एवढी मुदत चांगला दुकानदार देतो. पार्टवर तो रंगाची खूण करतो, कारण गिऱ्हाइकही आपला जुना पार्ट परत करायला कमी करत नाही. खूण करणारा दुकानदार संशयी वाटतो, पण परत घेण्याची तयारी असल्याशिवाय कोणी खूण करत नाही.